शंका कुणावर घ्यायची?

दिवाळी जवळ आली की आमच्या वडशात नाटक लिहिणाऱ्याला ‘रायटर्स ब्लॉक’ येत नाही. परवडतच नाही. झाडीपट्टीतल्या नाटक कंपन्यांची ऑफिसं इथेच आहेत. गावोगावची मंडळी येतात, मंडईची नाहीतर शंकरपटाची तारीख सांगतात, नाटक ठरवून जातात. त्या रात्री पडदा वर जाणारच, मग लेखकाला प्रेरणा मिळो न मिळो.

याच गावात मी सहा वर्षं एक कादंबरी लिहितोय. एकशे चाळीस पानं झालीत. त्यातली पहिली चाळीस अकरा वेळा लिहून झालीत.

मोबाइल उघडला की सल्ला तयार असतो : ‘स्वतःवर विश्वास ठेवा.’ माझं भांडण या सल्ल्याशी आहे. रात्री एक वाजता लिहिलेलं पान मला अप्रतिम वाटतं. सकाळी तेच वाचवत नाही. रात्रीच्या माणसावर विश्वास ठेवला असता, तर ते पान तसंच छापून आलं असतं. लेखकाजवळ शंका नसेल तर काय होतं, हेही आम्ही झाडीपट्टीत पाहतो. तोच दारुडा नवरा, तीच सोशिक बायको, शेवटी तेच रडणं, फक्त नाव नवं. तारीख नाटक पूर्ण करून घेते, चांगलं करून घेत नाही.

दुसरा त्रास ‘कोसला’च्या गोष्टीचा. नेमाड्यांनी ती पंचविशीत, मोजक्या दिवसांत लिहिली, हे प्रत्येक होतकरूला ऐकवलं जातं. ऐकणारा तिशी ओलांडलेला असतो आणि तिथेच खचतो. पण त्याच नेमाड्यांची ‘झूल’ १९७९ची आणि त्यानंतरची कादंबरी ‘हिंदू’ २०१०ची. मधली एकतीस वर्षं कुणी ऐकवत नाही. झटक्यात लिहून झाल्याची गोष्ट सांगायला सोपी असते. टेबलावर पडून राहिलेल्या वह्यांची गोष्ट कोण सांगणार?

पण माझी खरी शंका वेगळीच होती. ती ओळखायला मला चार वर्षं लागली.

माझ्या कादंबरीतली म्हातारी ‘डोरे’ म्हणते, ‘पानी’ म्हणते. झाडीबोलीत ळ नाही, ण नाही. मी ‘डोरे’ लिहायचो आणि दुसऱ्या दिवशी खोडून ‘डोळे’ करायचो. एका संपादकांना काही पानं पाठवली होती. त्यांनी प्रेमानंच कळवलं, ‘भाषा जरा शुद्ध करा, वाचक अडखळेल.’ मी शुद्ध केली. म्हातारी बोलायची थांबली. कादंबरीही तिथेच थांबली आणि मी दोन वर्षं समजत राहिलो की माझ्यात दम नाही.

हा ब्लॉक माझ्या डोक्यात जन्मला नव्हता. आपली बोली गावंढळ, आपल्यावर कोण कादंबरी वाचणार, हे शाळेपासून कानावर पडत आलं होतं. त्याला ‘आत्मविश्वासाचा अभाव’ म्हटलं की दोष लिहिणाऱ्याच्या गळ्यात पडतो आणि बाकी सगळे मोकळे होतात. आणि ऐकणारा नाही म्हणावं, तर याच बोलीतले विनोद ऐकायला लोक तिकीट काढून, थंडीत रात्रभर जागतात. परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, ती याच रंगभूमीवरच्या कामासाठी. ते वाचून मी जुनी वही काढली.

म्हणून माझं म्हणणं एवढंच : शंका घ्या, भरपूर घ्या, पण वाक्यावर घ्या. हा प्रसंग खरा वाटतो का? म्हातारी असं बोलेल का? या शंकेला उत्तर असतं. वाक्य बदललं की ती मिटते. ‘माझ्यासारख्यानं लिहावं का?’ या शंकेला काहीच उत्तर नसतं. ती फक्त वर्षं खाते. माझी चार खाल्ली.

गेल्या महिन्यात आईला एक प्रकरण वाचून दाखवलं. ‘डोरे’वर ती अडखळली नाही. अडखळली ती पुढच्या पानावर, जिथे म्हातारी मरणाबद्दल लांबलचक बोलते. आई म्हणाली, “येवढा कोन बोलते रे?”

ते पान खोडलं. बाराव्यांदा लिहितोय.