‘आय बेग टु स्टेट’ : इंग्रजी अर्जातली याचना आली कुठून?

१/ भंडारा जिल्ह्यातून बँकेकडे, रेल्वेकडे, जवाहरनगरच्या आयुध निर्माणीकडे किंवा चिखला-डोंगरी बुजुर्गच्या मँगनीज खाणींकडे जाणारा इंग्रजी अर्ज आजही पुष्कळदा एकाच ओळीने उघडतो : ‘विथ ड्यू रिस्पेक्ट अँड हंबल सबमिशन, आय बेग टु स्टेट…’ ही ओळ इंग्रजांची गुलामी म्हणून हिणवली जाते. हे निदान अर्धेच खरे आहे.

२/ पत्रातली पायरी मराठी माणसाला इंग्रजांनी शिकवली नाही. मराठेशाहीत मायना हे स्वतंत्र शास्त्रच होते. ‘राजमान्य राजश्री’ कोणाला, ‘अखंडितलक्ष्मीअलंकृत’ कोणाला, ‘श्रीमंत… स्वामींचे सेवेसी’ कोणाला, हे ठरलेले असे. वरून खाली ‘आज्ञा केली ऐसीजे’, खालून वर ‘विज्ञापना’, बरोबरीत ‘विनंती विशेष’. मायना चुकला तर मजकूर वाचण्याआधीच मानापमान घडे. नागपूरकर भोसल्यांच्या मुलखातले भंडाऱ्याचे कारकून याच शिस्तीत वाढलेले होते.

३/ डिसेंबर १८५३ मध्ये तिसरे रघुजी निपुत्रिक वारले. १८५४ मध्ये डलहौसीने राज्य खालसा केले आणि १८६१ मध्ये मध्य प्रांत उभा राहिला. जिल्ह्याचा प्रमुख झाला डेप्युटी कमिशनर. वरचा पत्रव्यवहार इंग्रजीत चालू लागला, आणि त्याच्या तळाशी एक लांबलचक शेपूट असे : ‘आय हॅव द ऑनर टु बी, सर, युअर मोस्ट ओबिडियंट सर्व्हंट’.

४/ खरी मेख इथे आहे. इंग्रजांच्या लेखी हे शेपूट पोकळ होते. वरिष्ठ कनिष्ठाला लिहितानाही तीच सही करी. १८०४ मध्ये अमेरिकेत अलेक्झांडर हॅमिल्टन आणि एरन बर यांनी ज्या पत्रांतून एकमेकांना द्वंद्वापर्यंत आणले, त्यांच्याखालीही ‘आज्ञाधारक सेवक’च होते. पुढे बरच्या गोळीने हॅमिल्टन मेला. सेवक कोण आणि आज्ञा कोणाची, हे विचारण्यात अर्थ नव्हता!

५/ व्यापारी पत्रांतले ‘बेग’ही तसेच. ‘आपले अमुक तारखेचे कृपापत्र पोचल्याचे कळवण्याची याचना करतो’ असे विकणाराही लिही आणि घेणाराही. दोघेही याचक, म्हणजे कोणीच याचक नाही.

६/ मायन्यात मुरलेल्या मराठी कारकुनाला मात्र शब्द पोकळ असू शकतो हे पटणे अवघड होते. त्याच्या परंपरेत ‘सेवेसी’ म्हणजे सेवेसीच. त्यातून समोर परकी सत्ता. त्यामुळे दुतर्फा शिष्टाचार एकतर्फी झाला : अर्जदार ‘बेग’ करी, आणि साहेबाचे उत्तर ‘आय ॲम डायरेक्टेड टु से’ असे येई. हे ओझे एकट्या इंग्रजीचे नव्हे. इंग्रजी साच्यात जुना मायना ओतला गेला, आणि सत्तेने त्याला धार दिली.

७/ साहेब गेला, साचा राहिला. मराठी राजभाषा झाली, १९६४ चा अधिनियम आला. तरी ‘युअर्स फेथफुली’चा ‘आपला विश्वासू’ झाला आणि ‘ओबिडियंट’चा ‘आपला आज्ञाधारक’. शाळकरी मुले हे शब्द अस्सल मराठी समजून घोकतात. मजा अशी की ‘डियर सर’ असेल तर ‘फेथफुली’ आणि नावाने संबोधले असेल तर ‘सिन्सिअरली’, हा ब्रिटिशांचा साधा नियम त्यांना क्वचितच कोणी सांगतो.

८/ ‘दोन ओळी नम्रतेच्या लिहिल्या तर बिघडले काय?’ असा युक्तिवाद होतो. बिघडते. मालगुजारी १९५१ मध्ये संपली, मामा तलाव सरकारकडे गेले, आणि पाळ फुटली की अर्ज करणे गावाच्या वाट्याला आले. अशा अर्जात पहिला परिच्छेद साहेबांच्या दयाळूपणाचा, दुसरा स्वतःच्या गरिबीचा, आणि गट क्रमांक, पाळ फुटल्याची तारीख, आधीच्या अर्जाचा जावक क्रमांक कुठेच नाही, असे झाले तर बाबू काय करणार? दया फाइलला लागत नाही, क्रमांक लागतो. धानाला पाणी वेळेवर मिळणे त्या क्रमांकावर अडते.

९/ म्हणून इंग्रजी पत्राची चौकट टाकू नये, शेपूट टाकावे. व्यक्तीचे नाव नव्हे, पदनाम, संदर्भ, एका ओळीत विषय, एका पत्रात एकच मागणी, शेवटी सोबतच्या कागदांची यादी. ही चौकट कोणाला झुकवत नाही. उलट पदाला लिहिलेले पत्र अधिकारी बदलला तरी जिवंत राहते, आणि ते मायन्याला कधीच जमले नव्हते.

१०/ पत्त्याबाबत तर भंडारेकरांनी विशेष जपावे. ‘भंडारा रोड’ हे स्थानक शहरात नसून वरठीला आहे. पार्सलावर एक ‘रोड’ जास्त पडला की ते कुठे उतरायचे हे बदलते. अशाच घोळांवर उपाय म्हणून १५ ऑगस्ट १९७२ रोजी पिनकोड आला. तो रचणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी माणूस आणि संस्कृतचे कवी. अलंकारिक संबोधने त्यांना भरपूर येत असणार. पाकिटासाठी त्यांनी सहा आकडे निवडले. भंडाऱ्याचे आहेत ४४१९०४.