कुत्र्याला काय पाजू? आधी औषधाचं नाव सांगा!



भात निसवायला लागलं की घरोघरी उंदरांचं औषध येतं. मग फोनही येतात. "कुत्र्याने उंदराचं औषध खाल्लंय, काय पाजू?" मी विचारतो, "कुठलं?" उत्तर मिळतं, "काळी पावडर होती, कागदात बांधून आणलेली."

घोळ इथेच होतो. माझं स्पष्ट मत आहे, सुटं औषध आणणं आपण बंद केलं पाहिजे. कारण प्रत्येक विषाचा उपचार वेगळा.

🔸 *झिंक फॉस्फाईड* (काळपट पावडर) : पोटातल्या आम्लाने विषारी वायू तयार होतो. काही तासांतच जीव जाऊ शकतो. यावर खास उतारा नाही. खायला घातलं तर आम्ल वाढतं, वायूही वाढतो. कुत्रा ओकला तर तो वायू माणसालाही बाधतो, म्हणून त्याला मोकळ्या हवेत ठेवा.

🔸 *ब्रोमॅडिओलोन* (वडी) : दोन-तीन दिवस कुत्रा ठणठणीत दिसतो. मग हिरड्या पांढऱ्या पडतात, रक्तस्राव होतो. वेळेत नेलं तर 'के-१' जीवनसत्त्वाने वाचतो, पण उपचार काही आठवडे चालतो. "काही झालं नाही" म्हणून घरी थांबू नका. विष खाऊन मेलेले उंदीरही पुरून टाका.

🔸 *क्लोरपायरीफॉससारखी फवारणीची औषधं* : लाळ गळते, अंग थरथरतं. यावर ॲट्रोपिन आहे, ते डॉक्टरच देतील.

*खाल्लं तर काय करायचं?*
✅ उरलेलं औषध त्याच्यापासून दूर करा.
✅ पाकिटाचा फोटो काढा. किती खाल्लं, किती वाजता, ते लिहून ठेवा.
✅ लगेच पशुवैद्यकांना किंवा १९६२ ला फोन लावा.
❌ दूध, तेल, मिठाचं पाणी पाजू नका. उतारा होत नाही, उलट ते फुफ्फुसात जाऊ शकतं.
❌ डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय ओकायला लावू नका.

आपल्या अंजनवेलीतून गुहागर गाठायचं तरी वेळ जातो, चिपळूण त्याहून लांब. तो वेळ "कुठलं औषध असेल?" यात घालवणं परवडत नाही.

कीटकनाशक कायदा १९६८ चा. त्याप्रमाणे पाकिटावर औषधाचं नाव, विषाचा रंगीत त्रिकोण आणि विषबाधा झाल्यास काय करायचं ते छापावं लागतं. सुटं घेतलं की हे सगळं दुकानातच राहतं.

"सुटं स्वस्त पडतं" असं काही जण म्हणतात. पाच-दहा रुपये वाचतात, खरं आहे. पण माकडं आंब्या-काजूवर आली, रात्री डुक्कर शेतात शिरला, तर आधी भुंकतो तो कुत्राच. त्याची किंमत काय लावायची? आणि आज कुत्र्याने खाल्लं, उद्या त्याच ओटीवर पोर रांगत असेल.

म्हणून तीन गोष्टी पाळूया : औषध सीलबंद पाकिटातच घ्यायचं, आमिष उघड्यावर न ठेवता बिळात घालून बीळ बुजवायचं, आणि उरलेलं मूळ पाकिटासकट कुलपात ठेवायचं.

घरात आत्ता बिननावाची पुडी असेल तर आजच बाजूला काढा आणि मला सांगा. 🙏

– आपला कृषी सल्लागार