ॲप बनविणाऱ्याने दाद कोणाकडे मागावी?

अँड्रॉइड प्रणालीच्या फोनवर कोणतेही ॲप बसवायचे असेल, तर ते बनविणाऱ्याने आपली ओळख प्रथम गूगल कंपनीकडे पटवून दिलेली असली पाहिजे, असा नियम त्या कंपनीने २०२५ च्या ऑगस्टमध्ये जाहीर केला. ब्राझील, इंडोनेशिया, सिंगापूर आणि थायलंड या चार देशांत त्याच्या अंमलाला सप्टेंबर २०२६ चा मुहूर्त देण्यात आला आणि २०२७ पासून तो क्रमाक्रमाने इतरत्र, म्हणजे अर्थातच भारतातही, लागू होईल असे सांगण्यात आले. तोवर ही ओळख कंपनीच्या ‘प्ले स्टोअर’ या दुकानात माल ठेवणाऱ्यांकडूनच मागितली जात होती. नव्या नियमानुसार दुकानाबाहेर हातोहात दिलेल्या ॲपलाही ती लागणार आहे. मोठ्या कंपन्यांना याची झळ पोहोचण्याचे कारण नाही. त्यांच्या पदरी वकील असतात, हिशेबनीस असतात. झळ पोहोचेल ती जिल्ह्याच्या ठिकाणी, घरच्या संगणकावर, एकट्याने काम करणाऱ्याला.

‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’ ही निजामी अमदानीतली म्हण परभणीकरांनी पुष्कळ ऐकून घेतली आहे. कारखानदारी येथे फारशी आली नाही, मोठ्या नोकऱ्या पुण्या-मुंबईला राहिल्या. ॲप बनविण्याच्या धंद्याचे आकर्षण नेमके येथेच आहे, कारण त्याला शेड लागत नाही, रेल्वेची वाघीण लागत नाही आणि भांडवलही बेताचे पुरते. शिवाय गिऱ्हाईक अपरिचित राहिलेले नाही. हवामानाचा सल्ला देणारे ‘मेघदूत’ २०१९ मध्ये आले, २०२१ च्या ऑगस्टपासून ई-पीक पाहणीने बांधावरच्या शेतकऱ्याच्या हाती ॲप दिले आणि १९७२ साली येथे स्थापन झालेल्या कृषी विद्यापीठात ‘डिजिटल शेती’ हा आता अभ्यासाचा विषय आहे. परंतु ही सारी सरकारची वा मोठ्या संस्थांची कामे होत. तालुक्याच्या गावातील लहानसहान गरजा, म्हणजे शाळेचा निकालपत्रक-तक्ता, सराव-प्रश्नांचा संच, दूध डेअरीचा हिशेब, यांकडे पाहण्यास मोठ्यांना सवड नसते. ती कामे स्थानिक माणूसच करू शकतो. २०१५ साली राज्यात ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम सुरू झाल्यानंतर जिल्हा परिषदेच्या कितीतरी शिक्षकांनी शाळा सुटल्यावर बसून अशी साधने तयार केली. राजस्थानात अलवर येथील इम्रान खान या संस्कृत शाळेतील गणिताच्या शिक्षकाने विद्यार्थ्यांसाठी पन्नासच्या आसपास ॲप बनविली आणि २०१५ च्या नोव्हेंबरात लंडनच्या वेम्बली मैदानावर पंतप्रधानांनी त्यांचे नाव घेतले, हे अनेकांना स्मरत असेल. त्या वेळी एकट्या माणसासमोरील वाट आजच्या मानाने पुष्कळच मोकळी होती.

ती आज कशी आहे, हे एका कल्पित उदाहरणाने पाहू. समजा, जिंतूर तालुक्यातील एका शिक्षिकेने शिष्यवृत्ती परीक्षेच्या सरावाचे मराठी ॲप तयार केले. प्ले स्टोअरमध्ये खाते उघडण्याची फी पंचवीस डॉलर, म्हणजे दोन हजार रुपयांच्या किंचित वर, तीही एकदाच. रक्कम भारी नाही, पण ती परदेशी भरावयाची असते आणि रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या जानेवारीतील आदेशानुसार कार्ड देताना बँका ते केवळ देशांतर्गत व्यवहारापुरतेच चालू करून देतात. परदेशी व्यवहार ग्राहकाने मागून चालू करून घ्यावा लागतो, आणि काही कार्डांवर ती सोयच नसते. आयफोनसाठीही ॲप काढावे असे तिच्या मनात आले, तर ॲपल कंपनीची वर्गणी दरसाल नव्व्याण्णव डॉलर आहे आणि काम पुरे करण्यास त्याच कंपनीचा महागडा संगणक जवळ असावा लागतो. बाई आयफोनचा विचार तेथेच सोडून देतात.

त्यानंतर येतात बारा माणसे. २०२३ च्या १३ नोव्हेंबरनंतर वैयक्तिक खाते उघडणाऱ्याने आपले ॲप सर्वांसाठी खुले करण्यापूर्वी वीस जणांकडून सलग चौदा दिवस वापरून घेतले पाहिजे, असा नियम गूगलने केला. पुढच्या वर्षीच्या डिसेंबरात वीसांचे बारा झाले. बारा माणसे जमविणे अवघड ते काय, असे वाचकांना वाटेल. पण या बाराही जणांपाशी अँड्रॉइड फोन आणि जीमेलचे खाते हवे, त्यांनी निमंत्रण रीतसर स्वीकारले पाहिजे आणि चौदा दिवस मध्येच अंग काढून घेता कामा नये. बंगळुरूच्या तरुणाला शेजारच्या टेबलावर अशी माणसे मिळतात. जिंतूरच्या शिक्षिकेने पालकांना विनवावे, मुलांच्या मामांना सांगावे, आणि दहाव्या दिवशी कोणी फोन बदलला तर पुन्हा नवा माणूस शोधावा. परिणाम व्हावयाचा तोच झाला. असे परीक्षक पैसे घेऊन पुरविण्याचा धंदाच जगभर निघाला. ज्या कसोटीने माल पारखावयाचा ती कसोटीच विकत मिळू लागली, तेव्हा तिने काय साधले हे कंपनीलाच ठाऊक.

पत्त्याची अडचण याहून गंभीर आहे. वैयक्तिक खात्यावर ॲपमधून काही मिळकत व्हावी असे ठेवले, तर ॲप बनविणाऱ्याचे कायदेशीर नाव आणि संपूर्ण पत्ता दुकानाच्या पाटीवर झळकतो. ज्याचे कार्यालय आहे त्याला त्याचे काही वाटत नाही. परंतु घरून काम करणाऱ्या स्त्रीने आपल्या राहत्या घराचा पत्ता कोट्यवधी अनोळखी लोकांपुढे मांडावा, ही अपेक्षा ज्यांनी केली त्यांनी लहान गावातील जिणे पाहिलेले नसावे. अशा वेळी बहुतेक स्त्रिया एकच मार्ग पत्करतात: ॲप फुकट ठेवायचे. म्हणजे दुकानदाराचे लहानांकडून घ्यावयाचे कमिशन २०२१ मध्ये तीस टक्क्यांवरून पंधरा टक्क्यांवर आले त्याचाही लाभ त्यांना नाही. संस्थेच्या नावाने खाते काढावे म्हटले, तर अमेरिकेतील डन अँड ब्रॅडस्ट्रीट या पतमाहिती पुरविणाऱ्या कंपनीचा नोंदणी क्रमांक मिळवावा लागतो. तो फुकट असला तरी हाती येण्यास महिना जाऊ शकतो. परभणीच्या संस्थेचे अस्तित्व फ्लोरिडाच्या कागदावरून सिद्ध व्हावे, यातला विनोद असो.

एवढे पार पडून ॲप प्रसिद्ध झाले, तरी काम संपत नाही. अँड्रॉइडची नवी आवृत्ती दरवर्षी निघते आणि ॲप तिच्याशी जुळवून घेतले नाही तर प्रथम त्यात सुधारणा स्वीकारल्या जात नाहीत आणि पुढे नव्या फोनच्या मालकांना ते दुकानात दिसेनासे होते. प्रश्नसंच तोच असतो, गणिते तीच असतात, तरीही दरसाल मांडामांड नव्याने करावी लागते. पगारी माणसे ठेवणाऱ्याला हा एका आठवड्याचा खर्च; शिक्षिकेला ती उन्हाळ्याची सुट्टी.

हे सर्व नियम निष्कारण केले आहेत, असे मात्र कोणी समजू नये. झटपट कर्ज देणाऱ्या ॲपनी या देशात काय हाहाकार केला, हे ताजे आहे. कर्जदाराच्या फोनमधील नावे आणि छायाचित्रे उचलून त्याची बदनामी करणाऱ्या टोळ्या त्यांच्या आडून चालत. एप्रिल २०२१ ते जुलै २०२२ या काळात गूगलने अशी अडीच हजारांवर कर्ज-ॲप काढून टाकली किंवा निलंबित केली, ही माहिती केंद्र सरकारनेच संसदेत दिली. त्या माणसांची ओळख मागू नये, असे कोण म्हणेल? ओळख मागण्याबद्दल आमची तक्रार नाही. ओळख देऊन सर्व नियम पाळणाऱ्याच्या पदरात काय पडते, हा आमचा प्रश्न आहे.

येथे एका जुन्या कायद्याचे स्मरण होते. वृत्तपत्र काढणाऱ्याने जिल्हा दंडाधिकाऱ्यापुढे प्रतिज्ञापत्र करावे आणि मुद्रक-प्रकाशकाचे नाव अंकावर छापावे, हे बंधन इंग्रज सरकारने १८६७ च्या कायद्याने घातले. हेतू पाळत ठेवण्याचा होता, यात शंका नाही. तथापि स्वातंत्र्यानंतर त्या कायद्यात ज्या दुरुस्त्या झाल्या त्यांनी प्रकाशकाला दोन गोष्टी दिल्या. प्रतिज्ञापत्र रद्द करण्यापूर्वी दंडाधिकाऱ्याने त्याला आपले म्हणणे मांडण्याची संधी द्यावयाची. आणि निर्णय विरुद्ध गेला तर त्याने अपील मंडळाकडे जावयाचे. २०२४ च्या मार्चमध्ये त्या कायद्याची जागा नव्याने घेतली. पण चार पानी साप्ताहिक काढणाऱ्या तालुक्याच्या संपादकालाही दीर्घकाळ हे संरक्षण होते, आणि ज्याच्यापुढे उभे राहावयाचे तो अधिकारी त्याच्याच जिल्ह्यात बसत होता.

ॲप बनविणाऱ्याला यांतले काय आहे? खाते बंद केल्याचे पत्र येते. त्यात कोणत्या कलमाचा भंग झाला याचा मोघम उल्लेख असतो, कोणत्या कृतीने झाला हे पुष्कळदा नसते. अपिलाचा अर्ज आहे, पण तो त्याच कंपनीकडे जातो आणि त्याला येणारे उत्तर छापील वाटावे असे असते. एखादे खाते पूर्वी बंद झालेल्या खात्याशी ‘संबंधित’ आढळले, तर तेही कायमचे बंद होते. हा नियम लबाडाने नवे नाव घेऊन परत येऊ नये म्हणून आहे आणि तो समजण्यासारखा आहे. पण जेथे एकाच संगणकावर चार मुले शिकतात आणि एकाचे काम दुसरा करून देतो, तेथे संबंध कशाने जोडला गेला हे त्या मुलाला कोण सांगणार? गुन्हा न सांगता शिक्षा देऊ नये आणि ज्याने शिक्षा दिली त्यानेच अपील ऐकू नये, हे नैसर्गिक न्यायाचे पहिले पाठ आहेत. शाळेच्या मुख्याध्यापकालाही आज ते पाळावे लागतात.

यावर एक उत्तर ठरलेले आहे: दुकान खासगी आहे, मालकाने कोणाचा माल ठेवावा ही त्याची इच्छा. गावात दहा दुकाने असती तर हे उत्तर पटले असते. भारतातील शंभरांपैकी नव्वदांहून अधिक स्मार्टफोन अँड्रॉइडवर चालतात, आणि या बाजारात गूगलचे स्थान वर्चस्वाचे आहे व तिने त्याचा गैरवापर केला, असा निष्कर्ष भारतीय स्पर्धा आयोगाने २०२२ च्या ऑक्टोबरात काढला. एका आदेशाने १,३३७.७६ कोटी रुपयांचा आणि पाच दिवसांनी दुसऱ्याने ९३६.४४ कोटींचा दंड झाला. अपिलात पहिला कायम राहिला. दुसरा २०२५ च्या मार्चमध्ये २१६.६९ कोटींवर आला. वृत्तपत्रांनी मथळे या आकड्यांचे केले. लहान माणसाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट वेगळीच होती. दुकान टाळून ॲप थेट लोकांना देण्याच्या मार्गात गूगलने अडथळा आणू नये, असे आयोगाने पहिल्या आदेशात बजावले होते. राष्ट्रीय कंपनी कायदा अपील न्यायाधिकरणाने २०२३ च्या मार्चमध्ये जे चार निर्देश रद्द केले, त्यांत हाही होता. प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले. तो निर्देश टिकला असता तर २०२५ च्या ऑगस्टची घोषणा भारतापुरती तरी कंपनीला इतक्या सहजपणे करता आली नसती.

सरकारने मनावर घेतले तर काय होऊ शकते, हेही आपण पाहिले आहे. १ मार्च २०२४ रोजी शुल्काच्या वादातून गूगलने दहा भारतीय कंपन्यांची ॲप काढून टाकली. त्यांत विवाह जुळविणाऱ्या आणि नोकऱ्या शोधून देणाऱ्या नामांकित कंपन्या होत्या. माहिती-तंत्रज्ञान मंत्र्यांनी जाहीरपणे नापसंती दर्शविली, कंपनीला चर्चेला बोलाविले आणि थोड्याच दिवसांत ॲप परत आली. ते योग्यच झाले. मात्र जिंतूरच्या शिक्षिकेचे ॲप गेले तर दिल्लीहून कोणी फोन करणार नाही, आणि तिचा निवाडा मंत्र्याच्या फोनवर अवलंबून असावा हे बरेही नव्हे.

देशी दुकान काढा, ही सूचना नेहमी केली जाते. फोनपे कंपनीने २०२४ च्या फेब्रुवारीत ‘इंडस’ नावाचे दुकान काढले. ते मराठीसह बारा भारतीय भाषांत आहे. प्रयत्न स्तुत्य आहे. पण फोन विकत घेताना त्यात जे दुकान आधीच बसविलेले असते तेथेच लोक जातात. सरकारने २०२३ मध्ये तक्रार अपील समित्या नेमल्या, त्यांचा रोख समाजमाध्यमांवरील मजकुराच्या तक्रारींकडे राहिला. बड्या डिजिटल कंपन्यांना आधीच नियम घालून देणाऱ्या विधेयकाचा मसुदा २०२४ च्या मार्चमध्ये प्रसिद्ध झाला, पुढे त्याची चाल मंदावली. त्याच विधेयकात खाते बंद करण्यापूर्वी कारण कळविण्याचे, माणसाकडून सुनावणीचे आणि भारतात बसणाऱ्या स्वतंत्र अपील अधिकाऱ्याचे कलम घालता येईल.

काही गोष्टींना विधेयकाचीही गरज नाही. १९७८ पासून देशात जिल्हा उद्योग केंद्रांची योजना आहे. घरून काम करणाऱ्याला पत्रव्यवहारासाठी या केंद्राचा पत्ता वापरू देणे, परदेशी कागदपत्रे भरण्यास मदत करणे आणि महाविद्यालयांतून परीक्षक विद्यार्थ्यांची यादी तयार ठेवणे, हे परभणीच्या केंद्राला मुंबईहून एक परिपत्रक आले तर करता येण्यासारखे आहे. असा पत्ता कंपनी मान्य करील की नाही, हे मात्र राज्य सरकारने तिला आधी लेखी विचारून घ्यावे लागेल.

केंद्राने विचारावयाचे ते निराळे आहे. २०२५ च्या नोव्हेंबरात टीका वाढल्यावर गूगलने विद्यार्थी व हौशी लोकांसाठी वेगळ्या खात्याची सवलत पुढे केली. त्यातून ॲप मर्यादित संख्येच्या फोनांपुरतेच देता येईल. वर्गापुरते ठीक आहे. एका केंद्रशाळेचे ॲप तालुक्यातील सर्व शाळांनी मागितले की ती मर्यादा ओलांडली जाते आणि शिक्षिका पुन्हा त्याच पत्त्याच्या आणि ओळखीच्या रांगेत उभी राहते. भारतात नियम लागू होण्यापूर्वी ही मर्यादा किती, ती कोणी ठरविली आणि नाकारलेल्या माणसाचा अर्ज या देशात कोण वाचणार, या तीन प्रश्नांची उत्तरे सरकारने कंपनीकडून मागून घेऊन संसदेपुढे ठेवावीत.