प्रतिकारशक्तीवरील आरोप

कल्याणच्या पत्रीपुलाजवळील हनुमाननगर कुष्ठवसाहतीत, जिथल्या सेवेसाठी ख्यात असलेले डोंबिवलीचे माजी नौसैनिक गजानन माने यांचा 2023 साली पद्मश्रीने गौरव झाला, तिथली वाकडी बोटे आणि बधिर पावले पाहून पुष्कळ सुशिक्षितांचा असा ग्रह होतो, की जंतूहूनही शरीराची प्रतिकारशक्तीच मज्जातंतूंची खरी वैरीण असून, सबब तिला दडपावे तेवढे हिताचेच.

हा पूर्वपक्ष निराधार नाही. हान्सेन यांनी 1873 साली शोधलेला कुष्ठरोगाचा जंतू मज्जातंतूंना वेढणाऱ्या श्वान पेशींत ठाण मांडतो, आणि 'रिअ‍ॅक्शन' नावाचा रोगाचा भडका उडाला म्हणजे त्याच्यावर चालून गेलेल्या संरक्षक पेशींच्या दाहात तंतूच जायबंदी होतो. 2025च्या आरंभी पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात पसरलेल्या गुलेन बॅरीच्या साथीतही पोटातील संसर्गानंतर प्रतिकारशक्ती तंतूंवरच उलटली होती.

परंतु अपराधाच्या एका प्रकरणावरून सबंध कारकिर्दीचा फैसला करणे न्यायाला धरून नाही. तुटलेल्या तंतूचा पुढील भाग कुजून विघटित होतो, हे वॉलर यांनी 1850 सालीच दाखविले. ते अवशेष आणि मायलिनचे तुकडे गिळून वाट मोकळी करतात त्या रक्तातून आलेल्या भक्षकपेशी, आणि त्यांना बोलावून घेतात स्वतः श्वान पेशी; जुना धोकादायक पत्रीपूल 2018 साली उतरविला, तेव्हाच 2021 साली नव्यावरून वाहतूक सुरू होऊ शकली, तोच क्रम इथे आहे. या भक्षकपेशींचा नायनाट केल्यास तंतूंची पुनर्वाढ मंदावते, असे उंदरांवरील प्रयोगांत आढळले आहे. मेंदू व पृष्ठरज्जू यांत हा निचरा फार मंद असणे, हे तिथली दुरुस्ती दुर्घट असण्याचे एक कारण होय.

यावरून 'प्रतिकारशक्ती वाढवा' असा उपदेश करीत काढे आणि गोळ्या खपविणाऱ्यांचे मात्र समर्थन होत नाही. इस्राएलच्या मीखाल श्वार्ट्झ यांच्या प्रयोगशाळेने 1998 साली सक्रिय केलेल्या भक्षकपेशी सोडून पृष्ठरज्जू तुटलेल्या उंदरांत काही हालचाल परत आणली खरी, तथापि माणसांवरील चाचणीत तो उपाय फळला नाही. ज्या शक्तीच्या अतिरेकाने तंतू जातो, ती नुसती वाढविणे हे औषध कसे ठरावे?

तात्पर्य, प्रश्न शक्तीच्या कमीअधिकपणाचा नसून तिच्या मर्यादेचा आणि वेळेचा आहे. 'रिअ‍ॅक्शन'मध्ये दिले जाणारे प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड उपयोगी पडते ते दाहाला आवर घालून तंतूला सावरण्याची सवड देते म्हणून. आणि बधिरता अथवा दुर्बलता सहा महिन्यांच्या आतली असेल तर त्याचा लाभ विशेष होतो, कारण मुदत टळल्यावर मेलेला तंतू कोणत्याही हुकुमाने परत येत नाही. बहुविध औषधोपचाराने जंतू मरतात, पण गेलेली संवेदना त्या गोळ्या परत देत नाहीत, आणि उपचार संपल्यावरही 'रिअ‍ॅक्शन' उद्भवू शकते. म्हणून रोगी बरा झाल्याची नोंद करून दप्तर बंद करण्याऐवजी, ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीच्या आरोग्ययंत्रणांनी त्याच्या हातापायांची संवेदना व स्नायूंचे बळ त्यानंतरही नियमाने तपासण्याची तजवीज करावी. मज्जातंतू वाचविण्याचा तोच सर्वांत खात्रीचा मार्ग आहे.