उपवाहिन्यांचे उसने श्रोते

संपादक महाशय यांस,


अमेरिकेतील एचडी रेडिओच्या उपवाहिन्यांना श्रोते लाभले, तेव्हा जाहिरातदारही मागोमाग येतील, हे गतांकातील पत्रलेखकांचे अनुमान घाईचे आहे. 2002 साली तेथील दळणवळण नियामक आयोगाने (एफसीसी) मंजूर केलेल्या या डिजिटल पद्धतीत एकाच एफएम लहरीवर मुख्य कार्यक्रमाच्या जोडीस दुसरा-तिसरा कार्यक्रम बसविता येतो खरा. परंतु तो ऐकावयास निराळा संच लागतो, आणि असा संच बहुधा मोटारीतच आढळतो. सबब अनेक केंद्रचालक तीच उपवाहिनी, फार तर 250 वॉटच्या, लहानशा एफएम पुनःप्रक्षेपकावरून साध्या संचांवर ऐकवितात, आणि जाहिरातदाराची नजर असते ती मुख्यतः या अ‍ॅनलॉग श्रोत्यांवर! हा व्यवहार चतुर आहे (मला त्यात गैर काही दिसत नाही). मात्र त्याची मिळकत डिजिटल उपवाहिनीच्या खाती जमा धरणे कोणत्याही हिशेबनिसास मान्य होणार नाही.

आपला,
एक वाचक