कोणती तारीख?

आरोग्यनोंदींच्या प्रणाली जोडून देणाऱ्या वाचकांच्या तक्रारींचा रोख सध्या एकाच कलमाकडे आहे: निविदेत ‘निर्मितीच्या दिनांकानुसार शोध’ असे लिहिलेले असते, एपीआय तपासणारा अधिकारी तेवढ्यावर अडून बसतो आणि देयक रखडते. वस्तुतः आयुष्मान भारत डिजिटल मिशनची देवाणघेवाण ज्या फायर आर-४ मानकावर उभी आहे, त्यात सर्व प्रकारच्या नोंदींना सरसकट लागू पडणारा निर्मितिदिनांकाचा शोधनिकषच नाही. आहे तो ‘लास्ट अपडेटेड’, म्हणजे नोंदीची चालू आवृत्ती त्या सर्व्हरवर केव्हा बदलली याची वेळ. जुन्या प्रणालीतील नोंदी नव्या सर्व्हरवर हलवल्या की दहा वर्षांपूर्वीच्या रक्ततपासणीलाही सहसा त्या स्थलांतराच्या रात्रीचाच दिनांक चिकटतो, आणि ‘गेल्या महिन्यातील अहवाल’ मागणाऱ्या डॉक्टरांपुढे दशकभराचा ढीग येऊन पडतो. तपासणीचा दिनांक हवा असल्यास ऑब्झर्व्हेशनचा, म्हणजे तपासणीच्या निष्कर्षाच्या नोंदीचा, ‘डेट’ निकष वापरावा. निर्मितीची वेळ हवी असल्यास, सर्व्हर इतिहास राखत असेल तर, पहिली आवृत्ती काढावी किंवा प्रॉव्हेनन्स, म्हणजे नोंद कोणी व केव्हा केली हे सांगणारी जोडनोंद, पाहावी. एवढा भेद कलम लिहिणाऱ्यांना अद्याप उमगू नये, हे नवलच.

त्यात भर अधिक चिन्हाची. भारतीय वेळेपुढे ‘+०५:३०’ लिहावे लागते. वेबपत्त्यात हे चिन्ह उघडे राहिले तर त्याची रिकामी जागा होते, म्हणून ते ‘%२बी’ या संकेताने पाठवावे लागते. कालविभाग न लिहिता नुसता दिनांक दिला तर सर्व्हर सहसा स्वतःच्या कालविभागाने दिवस मोजतो. तो जागतिक प्रमाणवेळेवर चालत असेल तर त्याचा दिवस आपल्याकडे पहाटे साडेपाचला उजाडतो आणि रात्री दोनला आकस्मिक विभागात आलेला रुग्ण आदल्या दिवसाच्या यादीत जातो. खोडलेल्या नोंदी तर दिनांकशोधात दिसतच नाहीत; त्या केवळ इतिहासातून कळतात, तरीही निव्वळ या शोधावर रोजची जुळणी चालवणारे वाचक कमी नाहीत.

अधिकाऱ्यांना बोल लावताना आपलीही कसूर झाकता येणार नाही: निविदापूर्व बैठकीत मौन पाळायचे आणि चाचणीच्या दिवशी हुज्जत घालायची, ही रीत आता सोडावी. पुण्याच्या सी-डॅकमध्ये भारतीय आरोग्यनोंद-मानकांचे राष्ट्रीय केंद्र आहे. शंका तेथे लेखी पाठवावी, आणि कोणती तारीख, कोणत्या कालविभागात, हे करारात लिहून घेतल्याखेरीज स्वाक्षरी करू नये.