अद्भुत नायिका आणि कष्टकरी स्त्रीची शक्ती

७ नोव्हेंबर १९७५ रोजी अमेरिकन दूरचित्रवाणीवर ‘वंडर वुमन’ अवतरली. बंदुकीच्या गोळ्या मनगटावरील कड्यांनी परतविणारी ही वीरांगना एरवी मेजर स्टीव्ह ट्रेव्हर यांच्या लष्करी कचेरीत दुय्यम कर्मचारी म्हणून राबते. १९७६ च्या ‘बायॉनिक वुमन’ची नायिका शाळेत शिकविते आणि आदेश येताच सरकारी गुप्तहेर खात्यासाठी धावते. २०१५ च्या ‘सुपरगर्ल’मध्येही साचा तोच: आकाशात उडणारी तरुणी एका माध्यमसम्राज्ञीची साहाय्यक!

या मालिकांनी मुलींना आत्मविश्वास दिला, असे समर्थक म्हणतात. दिला असेलही. परंतु स्त्रीवरील दुहेरी भार हा येथे सामाजिक अन्याय उरत नाही. तो नायिकेच्या वैयक्तिक कौशल्याची कसोटी ठरतो. खलनायक पराभूत होतात, कचेरीतील उतरंड मात्र अबाधित राहते. जिच्याजवळ अद्भुत शक्ती नाही, त्या स्त्रीने काय करावे? भांडवली करमणुकीपाशी याचे उत्तर नाही.

इतिहासापाशी आहे. ‘वंडर वुमन’ पडद्यावर येण्याच्या दोनच आठवडे आधी, २४ ऑक्टोबर १९७५ रोजी, आइसलंडमधील सुमारे ९० टक्के स्त्रियांनी नोकरी, घरकाम आणि बालसंगोपन एकाच दिवशी थांबविले. अनेक शाळा व मासळी कारखाने बंद पडले. बापांना मुले घेऊन कामावर जावे लागले. पुढच्याच वर्षी तेथील संसदेने स्त्री-पुरुष समानतेचा कायदा संमत केला.

त्यांच्यापैकी एकीलाही उडता येत नव्हते. त्या एकत्र आल्या होत्या, एवढेच. अद्भुत शक्ती म्हणावयाची, तर ती हीच!